मधपेटीआधीचा प्रश्न

मधमाशीपालनाच्या प्रशिक्षणात आपण पेटी, वसाहत, फुलोरा आणि मधाची शुद्धता यांवर भर देतो. ज्या झाडांच्या फुलोऱ्यावर माशी जगते, त्या झाडांवर मधपाळाचा हक्क आहे काय, हे मात्र क्वचितच विचारले जाते. हा प्रश्न किती मूलभूत आहे, हे केनियातील ओगिएक समाजाच्या अनुभवावरून ध्यानात येते.

पश्चिम केनियातील माऊ जंगल हे मारा नदीसह अनेक नद्यांचे उगमस्थान आहे. येथे ओगिएक पिढ्यान्‌पिढ्या मध गोळा करतात. पोकळ केलेले ओंडके ते उंच झाडांवर ठेवतात आणि त्यांत माश्या वसाहत करतात. जंगलाचे पट्टे कुळांनुसार ठरलेले असतात. उंचीप्रमाणे फुलोऱ्याचा हंगाम बदलतो, तशी मध काढण्याची जागाही बदलते. आफ्रिकी मधमाशी अन्न तुटताच वसाहत सोडून जाते. त्यामुळे उभे, फुलणारे झाड हेच या समाजाचे भांडवल आहे.

तरीही ऑक्टोबर 2009 मध्ये पाणलोटाच्या संरक्षणाचे कारण देऊन केनियाच्या वनसेवेने त्यांना 30 दिवसांत जंगल सोडण्याची नोटीस दिली. हे प्रकरण आफ्रिकी मानव व लोकाधिकार न्यायालयात गेले. 26 मे 2017 रोजी न्यायालयाने ओगिएकांच्या बाजूने निकाल दिला. माऊच्या ऱ्हासाची मुख्य कारणे इतरांची अतिक्रमणे, वसाहतींसाठी सरकारनेच वगळलेली वनजमीन आणि अविचाराने दिलेले लाकूडतोडीचे परवाने ही आहेत, असे न्यायालयाने नमूद केले. 23 जून 2022 रोजी 15 कोटी 78 लाख 50 हजार शिलिंग भरपाईचा आणि वडिलोपार्जित जमिनीची सामूहिक मालकी नोंदवून देण्याचा आदेश झाला. असे असूनही नोव्हेंबर 2023 मध्ये माऊत पुन्हा घरे पाडली गेली.

काही ओगिएक कुटुंबे आता शेती करतात, हे खरे आहे. त्यामुळे जंगलावर भार पडत असेल, तर वापराचे नियम त्यांच्यासोबत बसून ठरवावेत. ज्याची उपजीविका फुलोऱ्यावर अवलंबून आहे, त्याला हटवून जंगलाचा राखणदारच आपण गमावतो.

आपल्याकडे 2006 च्या वनहक्क कायद्याने मधाला गौण वनोपज मानले असून, तो गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क पात्र वननिवासींना दिला आहे. म्हणून वनालगतच्या गावात मधपेट्यांची योजना नेणाऱ्या विस्तार कार्यकर्त्याने प्रथम ग्रामसभेला विचारावे: सामूहिक वनहक्काचा दावा दाखल झाला आहे काय, तो मंजूर आहे काय? उत्तर नकारार्थी असल्यास दाव्याच्या कामी साहाय्य करणे, हेही विस्तारकार्यच आहे. हक्काची शाश्वती नसलेल्या जंगलात दिलेली पेटी उद्या कोणाच्या हाती राहील, हे कोणीही सांगू शकत नाही.