एका हिरव्या प्याल्याचे मराठी

मद्याविषयी मराठीत लिहू लागले की दोनच सूर हाताशी येतात: धिक्काराचा आणि थट्टेचा. या दोन्हींचे सर्वांत ठळक रूप रा. ग. गडकरी यांच्या १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’त आहे. एका बाजूला सुधाकराचा सर्वनाश आणि सिंधूचे हाल, तर दुसऱ्या बाजूला तळीरामाचे आर्यमदिरामंडळ. नाटकाला शंभर वर्षे होऊन गेली. पण तुरळक अपवाद सोडले तर तिसरा सूर काही आपल्या गद्यात रुजला नाही. याला आपण सहसा शब्दांच्या अभावाचे कारण देतो. ते मला पटत नाही.

पडताळणीसाठी पाककृतीसारखा साधा गद्यप्रकार घेऊ. पाककृतीला उपदेश करता येत नाही आणि कोट्याही परवडत नाहीत. तिला प्रमाण आणि क्रम सांगावाच लागतो. आयरिश लोकांचा संत पॅट्रिकचा सण १७ मार्चला, म्हणजे आपल्या होळीच्या आसपास येतो. त्या दिवशी हिरव्या रंगाची पेये करण्याची प्रथा आता जगभर पसरली आहे. त्यांपैकी अंड्याच्या फेसाचे हिरवे व्हिस्की कॉकटेल मराठीत असे लिहिता येईल:

पुदिन्याची आठ-दहा पाने २० मिली साखरेच्या पाकात हलक्या हाताने चेचावीत. त्यात ६० मिली व्हिस्की, २५ मिली लिंबाचा रस आणि एका अंड्यातला पांढरा बलक घालावा. घट्ट झाकणाच्या भांड्यात हे मिश्रण बर्फाशिवाय पंधरा-वीस सेकंद जोरात हलवावे, मग बर्फ घालून पुन्हा हलवावे आणि गाळून प्याल्यात ओतावे. बर्फ नंतर घालण्याचे कारण असे की, बलकातली प्रथिने उलगडून हवा धरून ठेवतात तेव्हा फेस होतो, आणि थंडीत हे काम मंदावते. लिंबाच्या आंबटपणाने तो फेस टिकतो. व्हिस्कीच्या सोनेरी रंगात पुदिना मिसळून रंग शेवाळी होतो. अधिक हिरवेपणा हवा असल्यास बारमध्ये एखादे हिरवे लिकर घालतात.

चेचणे, हलवणे, गाळणे, पाक, बलक, फेस: यांतला एकही शब्द उसना नाही. कच्चे अंडे नको असल्यास काबुली चणे शिजवलेले पाणी फेटूनही तसाच फेस येतो. या पाण्याला इंग्रजीने २०१५ साली ‘अ‍ॅक्वाफाबा’ हे नाव घडवले. होळीच्या पुरणासाठी शिजवलेल्या डाळीवरचे पाणी काढून आमटी करणाऱ्या आपल्या घरांत त्याच्या सख्ख्या भावंडाला ‘कट’ हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या लागोपाठच्या तीन स्थानकांच्या परिसराला तर सणाचे पेय मुळीच परके नाही. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिरात महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. सिंधी घरांत बदाम, खसखस, मगज, बडीशेप, मिरी वाटून, फडक्यातून गाळून थादल करतात. अशाच थंडाईत भांग पडली की तीही हिरवी होते. तिच्याविषयी बोलताना आपला सूर धिक्काराचा नसतो. सणाने तिला मोकळीक दिलेली असते. व्हिस्कीला ती मोकळीक नाही, आणि शब्दांचे दारिद्र्य वाटते ते खरे तर या मोकळिकीचे आहे.

यात कायद्याच्या भाषेचाही वाटा आहे. ८ ऑगस्ट १९४९ रोजी कल्याण कॅम्पचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण करणाऱ्या सी. राजगोपालाचारींनीच १९३७ साली मद्रास प्रांतात सेलम जिल्ह्यापासून दारूबंदी सुरू केली होती. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदाही १९४९ सालचाच. महाराष्ट्रात आजही व्हिस्की पिण्यास परवाना लागतो, वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि प्रकृतिस्वास्थ्य राखणे हे परवान्याचे अधिकृत प्रयोजन असते. सरकारी मराठीत आनंदासाठी कोणी पीत नाही.

यावरचा आक्षेप गंभीर आहे. ज्या गावांत, वॉर्डांत स्त्रियांनी मतदान करून ‘आडवी बाटली’ निवडली, त्यांना मोजून-मापून पिण्याच्या गद्याची चैन कशी परवडावी? सिंधूच्या लेकींचा हा प्रश्न टाळता येणार नाही. त्यांचा धिक्कार अनुभवातून आलेला आहे आणि तो भाषेत राहिलाच पाहिजे. पण दारूबाबत समाज म्हणून विचार करायचा तर किती, केव्हा, कोणी आणि कोणाच्या जिवावर हे प्रश्न नेमकेपणाने विचारावे लागतात. केवळ धिक्काराच्या भाषेत हे सगळे ‘एकच प्याला’ होऊन बसते आणि थट्टेच्या भाषेत ते विचारलेच जात नाहीत. कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे माप दिले आणि स्वयंपाकाचे ज्ञान अंदाजातून बाहेर आणले. मद्याविषयीच्या मराठीला असेच माप हवे आहे.

म्हणून एक सूचना. ‘एकच प्याला’ शिकवून झाल्यावर विद्यार्थ्यांना वरच्यासारखी एक कृती लिहायला सांगावी: नीतिवाक्य नाही, कोटी नाही, फक्त प्रमाण, क्रम आणि कारण. वर्गातल्या बहुतेकांना कायद्याने हा प्याला घेता येणार नाही. लिहिता मात्र येईल. आणि तो लिहिताना पेन नेमके कुठे अडखळते, यावरच पुढच्या तासाची चर्चा व्हावी.