सही म्हणजे कबुली नव्हे

सकाळचे साडेदहा. दोन बाळं झोपलेली, तिसरं मऊ भाताचा घास तोंडात धरून बसलेलं, आणि दारावरची बेल वाजते. लायसन्सिंगची, म्हणजे परवाना देणाऱ्या सरकारी खात्याची, तपासणी न सांगता होते, हे कॅलिफोर्नियात घरी पाळणाघर चालवणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असतं. तरी छातीत धस्स होतंच. तपासणी संपली की अहवाल समोर येतो आणि सही मागितली जाते. एकीकडे मूल रडत असतं, दुसरीकडे न्यायला आलेले पालक दारात उभे. बाई सही करते आणि धरून चालते, की आता सगळं कबूल केलं.

तसं नाही. त्या सहीचा अर्थ इतकाच, की अहवाल मिळाला आणि अपिलाचा हक्क समजला. अहवाल हाती आल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत लेखी अपील करता येतं.

‘सरकारी माणसाशी वाद कशाला?’ हा सल्ला फ्रीमॉन्ट-सनीव्हेलच्या मराठी घरांतही मायेपोटीच दिला जातो. पण गप्प राहण्याची किंमत मोठी असते. त्रुटी ‘टाइप ए’ ठरली, म्हणजे मुलांना तात्काळ धोका होता असं मानलं गेलं, तर तो अहवाल ३० दिवस घरात दर्शनी जागी लावावा लागतो. सध्याच्या पालकांना त्याची प्रत द्यावी लागते, आणि पुढचे १२ महिने नव्याने येणाऱ्या पालकांनाही. ‘टाइप बी’ म्हणजे पुढे धोका होऊ शकला असता, ही त्याखालची पायरी. त्यामुळे त्रुटी घडली हे मान्य असलं, तरी तिचा प्रकार चुकीचा लावला असेल तर तेवढ्यासाठीही लढायला हवं.

मुलांची मोजणीच घ्या. समजा, सहा मुलांच्या मर्यादेतलं छोटं पाळणाघर आहे. तपासणीच्या दिवशी सहाही मुलं हजर आहेत आणि बाईंचा स्वतःचा दहा वर्षांचा मुलगा ताप आला म्हणून घरी आहे. अहवालात सात मुलं मोजली जातात आणि मर्यादा ओलांडल्याचा ठपका येतो. आता नियम असा, की घरात राहणारी दहा वर्षांखालची मुलं मोजायची. हा मुलगा दहा पूर्ण आहे. जन्मदाखला, त्या दिवसाचं हजेरीपत्रक आणि राज्याच्या नियमावलीतल्या ‘टायटल २२’मधलं कलम १०२४१६.५ एवढं जोडलं, की अपील दोन परिच्छेदांत मावतं. ‘मी पंधरा वर्षं मुलं सांभाळते, पालक माझ्यावर खूश आहेत’ हे कितीही खरं असलं तरी या अपिलात त्याचा उपयोग नाही.

सगळेच निष्कर्ष अन्यायाचे नसतात, हेही इथे स्पष्ट म्हणायला हवं. झोपलेल्या तान्ह्या बाळाकडे दर १५ मिनिटांनी पाहायचं आणि तशी नोंद ठेवायची, हा नियम बाळांचा जीव वाचवण्यासाठी आहे. नोंदीचा रकाना रिकामा असेल तर तो रिकामा होता, हे मान्य करावं. मात्र ‘नोंद नव्हती’ आणि ‘बाळाकडे लक्षच नव्हतं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरं वाक्य पुराव्याशिवाय अहवालात आलं असेल, तर नेमक्या त्याच वाक्याला हरकत घ्यावी.

तक्रारीवरून झालेल्या तपासणीत शब्द आणखी बारकाईने वाचावे लागतात. तक्रार सिद्ध झाली, पुरेसा पुरावा मिळाला नाही, किंवा तक्रार निराधार होती, असे तीन निष्कर्ष असतात. दुसऱ्या निष्कर्षात ‘कदाचित घडलंही असेल’ ही शंका उरते, तिसऱ्यात ती उरत नाही. घटना घडणं शक्यच नव्हतं, कारण ते मूल त्या दिवशी आलंच नव्हतं, हे हजेरीपत्रक दाखवत असेल, तर दुसऱ्यावर समाधान मानू नये.

अपील केलं म्हणून दुरुस्तीची मुदत थांबते, असं मात्र कोणी गृहीत धरू नये. जे सुधारायला सांगितलं आहे ते वेळेत सुधारावं, त्याचा फोटो ठेवावा आणि अपील वेगळं चालवावं. अधिकारी घरी असतानाच, निघण्यापूर्वीच्या बोलण्यात, ‘हे नेमकं कोणत्या कलमाखाली?’ असं शांतपणे विचारावं. त्याच संध्याकाळी, मुलं घरी गेल्यावर, कोण कुठे बसलं होतं आणि कोण काय म्हणालं, हे वेळेसह लिहून काढावं. वाचकांपैकी कोणाच्या हाती या आठवड्यात असा अहवाल आला असेल, तर त्यावरची तारीख आजच पाहा आणि तिथून कामकाजाचे १५ दिवस कॅलेंडरवर मोजा.