कोयता गेल्यावर मागे राहिलेली पोरं

दसरा-दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातली गावं निम्मी रिकामी होतात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार इकडची जोडपी मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातात, ती थेट गुढीपाडव्याच्या आसपास परततात. घरी आजी, आजोबा आणि पोरं राहतात.

तुम्ही मंदिराचे विश्वस्त असाल, भजनी मंडळात असाल, मशिदीच्या कमिटीत असाल किंवा रोज विहारात जात असाल. हे सांगणं तुम्हाला आहे. या सहा महिन्यांत गावात कायम उघडी असणारी आणि माणसं जमणारी जागा तुमच्याच हातात आहे.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणाबद्दल सात गोष्टी विचारल्या होत्या. त्यातली एक होती, आईबाप सोडून आणखी दोन मोठी माणसं तुझी मनापासून विचारपूस करायची का? दुसरी, गावाच्या-समाजाच्या सणावारात तुला आनंद वाटायचा का? ज्यांच्या वाट्याला यातलं जास्त आलं, त्यांच्यात मोठेपणी मन खचण्याचं प्रमाण कमी दिसलं. दोन्ही गोष्टींना पैसा लागत नाही.

तेव्हा दिवाळीआधीच एक वही घाला. कोणाची पोरं मागे राहणार, कोणाजवळ राहणार, आईबाप कोणत्या कारखान्यावर, त्यांचा आणि मुकादमाचा फोन नंबर काय, एवढं लिहा. प्रत्येक पोरामागे दोन जाणती माणसं नेमा. एक तरी बाई असू द्या. आठवड्यातून दोनदा घरी डोकवायचं, ताप-खोकला बघायचा, शाळेत गेलं का विचारायचं. ही नावं भोंग्यावरून मात्र पुकारू नका. पोरांना लाज वाटते.

आरतीनंतर किंवा नमाजानंतर तासभर दिवा चालू ठेवा आणि पोरांना अभ्यासाला बसवा. गावात निवृत्त गुरुजी असतातच. एक नियम पक्का करा. कोणतंही पोर एका मोठ्या माणसासोबत बंद खोलीत राहणार नाही. तो माणूस कितीही देवभोळा असो. दोन माणसं आणि उघडं दार, एवढं हवंच.

आठवड्यातून एकदा आईबापाला फोन लावून द्या. आधी त्यांची वेळ विचारा. गाडी भरायची पाळी रात्री आली तर ते संध्याकाळी झोपलेले असतात.

सप्ताह बसला की या पोरांना काम द्या. टाळ, पखवाज, वीणा, वाढप. मुलींच्या हाती नुसता झाडू आणि पोळपाट देऊ नका, त्यांनाही टाळ द्या. पंगत एकच असू द्या. जातीपातीचे, गटातटाचे वाद पोरांच्या पत्रावळीपर्यंत आणू नका.

आता अवघड गोष्ट. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत बीडमधल्या वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर बायकांमागे चाळीसहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. आईबाप वाईट असतात म्हणून हे होत नाही. चौदा वर्षांची पोर म्हातारीच्या भरवशावर कशी ठेवायची, ही धास्ती असते. फडावर कोपीत न्यायची तर तिथं दाराला कडीसुद्धा नसते. शिवाय उचल जोडप्याला मिळते, म्हणून पोराचंही लवकर उरकतात. धास्ती खरी आहे, म्हणून नुसत्या उपदेशानं ती जात नाही. ‘तुमची पोर आम्ही सांभाळतो, ही दोन घरं जबाबदार’ असं गावानं बापाला समोर बसवून सांगितलं, तर लग्नाची घाई बरीच थांबते.

आणि लग्न लावणाऱ्यांनो, महाराज असा, काझी असा की भंतेजी, तारीख देण्याआधी जन्माचा दाखला किंवा शाळेचा निर्गम उतारा बघा. मुलगी अठरा, मुलगा एकवीस. २००६ च्या कायद्यानं लावणारा, जमवणारा, मांडवात साथ देणारा, सगळे अडकतात. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कीर्तनकारानं कीर्तनात दोन मिनिटं हे सांगितलं, तर सरकारी फलकापेक्षा जास्त ऐकलं जातं.

सरकारचंही काही आहे, ते मागून घ्या. मागे राहणाऱ्या मुलांच्या जेवणाखाण्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मुख्याध्यापकांना दसऱ्याआधीच विचारा, नंतर विचारून हंगाम निघून जातो. सोबत जाणाऱ्या मुलाला शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घेऊन द्या, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येतं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृहांची योजना मंजूर झाली. तुमच्या तालुक्यात जागा आहे का, ते समाजकल्याणच्या कार्यालयात जाऊन बघा. एकट्या आजीला तिथं कोणी उभं करत नाही. कमिटीचे दोघं सोबत गेले की कागद हलतो.

ग्रामपंचायत अधिकाऱ्याचा (पूर्वीच्या ग्रामसेवकाचा) नंबर आणि मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबर देवळाच्या, मशिदीच्या, विहाराच्या भिंतीवर रंगवून घ्या. मोठ्या अक्षरात, आणि पोराच्या उंचीला.