छंदासाठी वेळ कुणाचा?

कॉलेजात जाणाऱ्या मुलींच्या बैठका घेताना मी एक प्रश्न हमखास विचारते : केवळ स्वतःच्या आनंदासाठी तू काय करतेस? बराच वेळ कुणी बोलत नाही. मग हळूच उत्तरं येतात. वहीच्या शेवटच्या पानावर चित्रं काढते. उरलेल्या लोकरीचं काहीबाही विणते. चिंध्या जोडून पिशव्या शिवते. आणि पाठोपाठ, ''पण ताई, वेळच मिळत नाही.''

हा वेळ जातो कुठे? २०२४च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, तर पुरुषांची ८८. भावाचं क्रिकेट हा 'खेळ', बहिणीची चित्रं मात्र 'रिकामे उद्योग'. तिच्या भरतकामाला मान मिळतो तो रुखवतात मांडण्यापुरता. नाहीतर 'याचे पैसे किती मिळतील?' हे आहेच. कमाई हवीच, पण प्रत्येक टाका विकण्यासाठीच का घालायचा?

छंद ही चैन नव्हे. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं २४वं कलम विश्रांतीचा आणि फुरसतीचा हक्क मान्य करतं. शिवाय कोणता रंग भरायचा हे जी स्वतः ठरवते, तिला स्वतःचं मत असण्याची सवय लागते.

मैत्रिणींनो, आपल्या गटांनी मुलींसाठी महिन्यातली एक दुपार मोकळी ठेवावी. भाषण नको, स्पर्धा नको, बक्षीस नको. आणि त्या दुपारी घरची भांडी भावानं घासावीत, हेही आपणच घरोघरी जाऊन सांगावं.