पडायच्या आधी लावा

रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातले रसायनी हे गाव कारखान्याच्या पाठोपाठ वसले. 1960 साली हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही केंद्र सरकारची कंपनी स्थापन झाली. तिच्यामागून वसाहती, रस्ते आणि रस्त्याकडेची झाडे आली. त्या काळी औद्योगिक वसाहती वसवणाऱ्यांची पसंती गुलमोहर, रेन ट्री, सोनमोहर अशा झाडांना असे. ही झाडे भराभर वाढतात आणि उघड्या माळावर थोड्याच वर्षांत सावली धरतात. त्या वेळची गरज त्यांनी भागवली, याबद्दल त्यांचे ऋणच मानले पाहिजे. पण एका दमात लावलेली झाडे म्हातारीही एकदमच होतात. जुन्या वसाहतींतली झाडे आज त्या वयाला आली आहेत, आणि त्यांच्या जागी उभी राहणारी पुढची पिढी रस्त्यावर दिसत नाही.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि जिल्हाभर झाडे व विजेचे खांब आडवे झाले. तो इशारा पुरेसा होता. गुलमोहराची मुळे उथळ आणि लाकूड ठिसूळ. त्यात आपण त्याचे काय केले आहे, ते रसायनीतल्या मोहोपाड्याच्या बाजारपेठेसारख्या कोणत्याही वर्दळीच्या रस्त्यावर पाहावे. पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडवलेले असतात, सिमेंटच्या कडेवर साल दाबून फुगलेली असते, खोडात क्लासच्या जाहिरातीचे खिळे असतात. तारांना अडचण नको म्हणून वर्षानुवर्षे एकाच अंगाच्या फांद्या छाटल्या जातात; मग सगळा भार दुसऱ्या बाजूला जातो आणि झाड कलते. पहिल्या जोरदार पावसात ते पडले की आपण दोष वाऱ्याला देतो. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 साली दिल्लीतल्या झाडांभोवतीचे काँक्रीट काढून एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितले होते. तेवढी माती प्रत्येक झाडाला मिळालीच पाहिजे.

खरा प्रश्न जबाबदारीचा आहे. वसाहत कंपनीची होती तेव्हा झाडांना धनी होता. 2017 साली केंद्राने रसायनीचा कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. रॉकेटचे इंधन जाळायला लागणारे रसायन बनवणारा एक प्रकल्प इस्रोकडे गेला, बरीचशी जमीन भारत पेट्रोलियमकडे. कामगार पांगले, झाडे जागच्या जागी राहिली. शेजारच्या खोपोली किंवा कर्जत नगरपालिकेच्या हद्दीत 1975 चा वृक्ष जतन कायदा लागू आहे. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांवरच्या झाडांना त्यात खास संरक्षण मिळाले आणि झाड तोडले तर त्याच्या वयाइतकी झाडे लावण्याची अट आली. रसायनीतली वासांबे-मोहोपाडा ही मात्र ग्रामपंचायत. तिच्याकडे वृक्ष प्राधिकरण नाही. 1964 चा वृक्षतोड नियमन कायदा आंबा, फणस, जांभूळ, साग अशा ठरावीक जातींपुरता आहे. वस्ती शहराएवढी आणि झाडांची व्यवस्था खेड्याची, अशी ही अडचण आहे. पण रस्त्याकडेला झाडे लावणे आणि ती राखणे हे ग्रामपंचायतीच्या कर्तव्यांतच येते. तिने ते हाती घ्यायला कोणाची आडकाठी नाही.

काम काय करायचे, हेही अवघड नाही. आधी रस्तावार गणती करावी: जात, घेर, कल, पोकळी. धोकादायक झाड कोणते आणि नुसत्या छाटणीने टिकेल असे कोणते, हे जाणकाराकडून ठरवून घ्यावे. सरसकट तोड करू नये. दहा वर्षांचा आराखडा करून दरवर्षी दहावा हिस्सा नव्याने लावावा, म्हणजे सावली तुटणार नाही आणि पुढची झाडे वेगवेगळ्या वयाची होतील. एकाच जातीची रांग टाळावी. मुंबईत पिठ्या ढेकणाने रेन ट्री वाळत गेले, ते विसरून चालणार नाही. तारांखाली आपटा, बहावा, कांचन लावावेत. रुंद रस्त्यांना करंज, बकुळ, ताम्हण. मोकळ्या मैदानाच्या कडेला कुसुंब, कदंब, जांभूळ. ही इथल्याच मातीतली किंवा इथे रुळलेली झाडे आहेत. त्यांतली बरीचशी सावकाश वाढतात, म्हणूनच त्यांची सुरुवात जुनी झाडे उभी असतानाच व्हायला हवी.

खालापूर तालुक्यात पावसाळ्यात रोप लावले की ते आपोआप जगते, असा समज आहे. पाऊस चार महिने झोडपतो हे खरे. पण दिवाळीनंतर माती कडक होते आणि फेब्रुवारी ते मे या दिवसांत रोपे वाळतात. त्यामुळे टीचभर रोपांची संख्या मिरवण्यापेक्षा पुरुषभर उंचीचे रोप, हातभर खोल खड्डा, आधाराची काठी, जाळी आणि तीन उन्हाळ्यांचे पाणी या गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पाताळगंगा औद्योगिक क्षेत्रातल्या मोठ्या कंपन्यांना सामाजिक जबाबदारीचा निधी खर्च करायचाच असतो. त्यांनी वृक्षारोपणाच्या एका दिवसाऐवजी एकेका रस्त्याचे तीन वर्षांचे पाणी आणि माळी पत्करावा. तिसऱ्या वर्षाअखेर किती झाडे जगली, तो आकडा ग्रामपंचायतीने फलकावर लावावा.

15 ऑगस्टला ग्रामसभा भरेल. रस्ते, गटारे, पाणी यांच्यासोबत त्या दिवशी एक ठराव झाडांचाही मांडावा: गणती कधी, पैसा कुठून, पाणी कोण घालणार. रसायनीकरांनी त्या सभेला जाऊन हे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घेतल्याशिवाय उठू नये.