महाल पुन्हा बांधला, घरं नाही



इंग्लंडात थेम्स नदीकाठी क्लाइव्हडन नावाचा महाल आहे. आज तिथं श्रीमंतांचं हॉटेल आहे. दोनदा जळालेला हा महाल सदरलंडच्या ड्यूकनं 1851 ला परत उभा केला. आम्ही विचारतो, त्याच घराण्याच्या कुळांची घरं जळाली, ती कुणी उभी केली?

स्कॉटलंडात ह्या घराण्याची लाखो एकर जमीन. कसणारे पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच, कागद मात्र घराण्याच्या नावावर. मेंढ्यांत जास्त पैसा दिसला, तशी खोरीच्या खोरी रिकामी केली. 1814 ला स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात सेलर नावाच्या कारभाऱ्यानं छपराची लाकडंसुद्धा जाळली, लोकांनी परत घर बांधू नये म्हणून. आणि मेंढ्यांसाठी ते रान खंडानं घेतलं होतं त्यानंच! खटला झाला. 1816 ला सायब निर्दोष सुटले. सुमारे 15,000 माणसं हुसकली, असं मार्क्सनं 1853 ला लिहिलं. तेव्हा ह्याच महालाची डचेस अमेरिकेतल्या गुलामांसाठी हळहळत होती.

आपल्याकडंही आधी झोपडी मोडतात, मग पंचनामा. आता रिसॉर्टसाठी जागा बघत दलाल फिरतायत. रोजगार मिळेल म्हणतात. कसला? आपल्याच रानात भांडी घासायचा.

त्या लोकांकडं नव्हता तो कायदा आपल्याकडं आहे. वनहक्क कायदा 2006, कलम 4(5): दाव्याची पडताळणी पुरी होईस्तोवर कुणालाही जमिनीवरून हटवता येत नाही. दाव्याची पोच घेऊन ग्रामसभेला या. कोऱ्या कागदावर अंगठा कुणीही द्यायचा नाही.