योहानाकडे आलेले सरकारी नोकर

नोव्हेंबर सरता सरता दिल्लीतले मॉल नाताळासाठी सजतात. चर्चमध्ये मात्र तेव्हा आगमनकाळ सुरू होतो. नाताळाआधीचे चार रविवार, धर्मगुरूंचा जांभळा झगा, मिस्सातलं महिमागीत बंद. वसईत वाढताना मला हे दिवस गोठा बांधण्याचे म्हणून आवडायचे. त्यांची धार कळली ती दिल्लीत.

15 डिसेंबर 2024 हा आगमनकाळाचा तिसरा रविवार. त्या दिवशी कॅथलिक चर्चमध्ये लूकच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय वाचला गेला. बाप्तिस्मा करणारा योहान पश्चात्ताप करा म्हणून गरजतो आहे आणि लोक विचारताहेत, मग आम्ही करायचं तरी काय? टोळ आणि रानमध खाऊन राहणारा हा माणूस कडक उपास सांगेल असं वाटतं. तो सांगतो की दोन अंगरखे असतील तर एक देऊन टाका, अन्नाचंही तसंच करा. मग जकातदार येतात. ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नका, एवढंच त्यांना सांगणं. शिपायांना म्हणतो, कुणाला धमकावून पैसे उकळू नका, पगारात भागवा. नोकरी सोडून माझ्यामागे रानात या, असं तो एकालाही म्हणत नाही.

गोल डाकखान्याजवळच्या सेक्रेड हार्ट कॅथेड्रलपासून संसद आणि मंत्रालयं फार लांब नाहीत. मंत्रालयं, करखाती, सैन्याची मुख्यालयं यांच्या या शहरात हा उतारा ऐकताना अंगावर येतो. इथे नाताळाची तयारी टेबलावर अडून राहिलेल्या पेन्शनच्या फाईलपासून सुरू व्हायला हवी. पापनिवेदनाच्या रांगेत उभं राहण्याआधी ती पुढे सरकवावी, असं मला मनापासून वाटतं.

दिल्लीतली अनेक केरळी ख्रिस्ती कुटुंबं नाताळाआधी 1 डिसेंबरपासून पंचवीस दिवस मांस-मासे सोडतात. त्या संयमाबद्दल मला आदर आहे. ताटातून वाचलेलं दुसऱ्याच्या ताटात जावं, हा उपवासाचा जुना अर्थ त्यात टिकून राहो.

अंगरख्याचं म्हणाल, तर इथे डिसेंबरात रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो. कपाट आवरताना निघालेला विटका स्वेटर देऊन योहानाचं समाधान होईल असं वाटत नाही. फाटका अंगरखा द्या, असं तो म्हणालाच नव्हता. आणि फाटकावरचा रखवालदार लाकडं, कचरा पेटवून रात्र काढतो, त्याचा धूर त्याच्याच छातीत आधी जातो. हवेचं प्रदूषण वाढलं की दिल्लीत लागू होणाऱ्या ‘ग्रॅप’ नियमांतही रहिवासी संघांनी रखवालदारांना विजेचे हीटर द्यावेत असं सांगितलं आहे. म्हणजे निदान एवढ्या बाबतीत सरकार आणि योहान एकाच बाजूला आहेत.

आमच्या सोसायटीत रोषणाईची वर्गणी निघण्याआधी दोन्ही फाटकांवरच्या हीटरचा विषय मी मांडणार आहे. वाढीव विजेचं बिल कुणी भरायचं यावर सभा अडली, तर माझं नाव लिहून घ्यावं.